भोरड्यांची तिथी

होळी होऊन चार-सहा दिवस झाले की आमच्या सोसायटीच्या कुंपणापलीकडच्या काटेसावरीवर भोरड्या उतरतात. उतरतात म्हणजे कोसळतात. वऱ्हाडाला एकदम पान वाढलं जावं तसा गोंगाट. साळुंकीएवढी पाखरं, गुलाबी अंग, काळं डोकं, कपाळावर फुलातला पिवळा पराग, आणि प्रत्येकीचं शेजारणीशी काहीतरी बिनसलेलं. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच कोणीतरी 'निसर्गाची किमया' असं लिहून फोटो टाकतं आणि त्यावर पुष्कळ हात जोडले जातात. खाली लावलेल्या गाड्यांवर या किमयेचे जे परिणाम होतात त्यांची तक्रारही संध्याकाळपर्यंत त्याच ग्रुपवर येते.

मी फोटो काढत नाही. मी गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीकडे पाहतो. खुर्ची लखनौची आहे.

नव्वदच्या दशकात माझ्या बँकेने मला लखनौला पाठवलं आणि पाठवल्यावर ती मला विसरून गेली. महानगर नावाच्या वस्तीत पाटणकर काकांच्या घरातली वरची खोली मला मिळाली होती. काका एका संशोधन संस्थेत शेवाळावर काम करून निवृत्त झालेले. काकू मूळच्या सांगलीच्या. मुलगा मिलिंद दिल्लीला एका खासगी कंपनीत. तो लखनौतच वाढला, त्यामुळे मराठी त्याला सगळं कळायचं आणि उत्तर हिंदीत यायचं. काकू मराठीत रागवायच्या, तो हिंदीत ऐकून घ्यायचा. दोघांचं उत्तम जमत असे.

घरामागे छोटं अंगण होतं. एक हँडपंप, एक पेरू, कपडे वाळत घालायची तार, आणि भिंतीपलीकडे रिकाम्या प्लॉटवर एक थोरली काटेसावर. तिकडे तिला सेमल म्हणतात. मागच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसून काका पाखरं पाहत. दुर्बीण नाही, वही नाही. "कोणाच्या घरी तू दुर्बीण घेऊन जातोस का?" ते मला विचारत. "आणि त्यांना आपल्याकडे यायचं असेल तर ती येतात. आपण फक्त घरी असायचं."

शहरात हौशी पक्षिनिरीक्षकांचं एक मंडळ होतं. बहुतेक सगळे मोठे अधिकारी. हिवाळ्यात ते सरकारी जीपमधून तळ्यावर जात. सोबत थर्मास, सँडविच, आणि खुर्च्या मांडायला शिपाई. एकदा त्यांनी काकांनाही नेलं. परतल्यावर मी विचारलं, "काय दिसलं?"

"साहेब लोक," काका म्हणाले. "स्थलांतरित जात आहे. दर तीन वर्षांनी बदली होते. पिसारा निरनिराळा, आवाज सगळ्यांचा एकच."

"आणि पक्षी?"

"ते आवाज ऐकून आधीच गेले होते."

त्यानंतर काका अंगणाबाहेर गेले नाहीत. अंगणात येणारं पुष्कळ होतं. दिवाळीच्या सुमाराला थिरथिरा यायचा. चिमणीएवढा, पाठीने काळा, पोटाने विटकरी, तारेवर बसून सारखी शेपटी थरथरवणारा. हँडपंपाखालच्या ओल्या फरशीवर धोबी पक्षी तुरुतुरु चालायचे. थंडीत सगळं लखनौ रजईत आणि धुक्यात असायचं, तेव्हा हे दूरच्या डोंगरांपलीकडचे पाहुणे आमच्या मोरीपाशी न्याहारी करत असत. मग फाल्गुन यायचा. गच्च्यांवर बटाट्याचे पापड, भिंतींवर उरलेला गुलाल, पेटीत जाणाऱ्या स्वेटरांना डांबराच्या गोळ्यांचा वास. सावरीची जड, मांसल फुलं अंगणात पडायची ती आवाज करून, कोणी वरून ओला टॉवेल टाकल्यासारखी. आणि एके सकाळी झाड बोलू लागे. भोरड्या दक्षिणेकडून परतीच्या वाटेवर आलेल्या असत. चार दिवसांचा मुक्काम, की पुढे.

"येण्याचा दिवस कळतो," काका म्हणत. "त्याचा गाजावाजा असतो. जाण्याचा कळत नाही. थिरथिरा गेला हे केव्हा कळतं? तार दोन दिवस रिकामी दिसली की. तो नेमका कधी गेला, ते आपण पाहिलेलंच नसतं."

त्याच दिवसांत पछुआ सुटायचा, पश्चिमेचा कोरडा वारा. ओठ फुटायचे, दारं चौकटीत सैल व्हायची, आणि काकांची खुर्ची आपोआप वाजू लागायची. कोणी बसलेलं नसताना. कुर्र, मग थोडं थांबून पुन्हा कुर्र. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वळून पाहिलं होतं. काका हसले. "वेत आकसतो, लाकूड आकसत नाही. म्हणजे आकसतं, पण वेगळ्या गतीने. मग दोघांची कुरकुर. कुठल्याही जुन्या संसारात ऐकू येते."

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "मी ऐकतेय हं."

काका गेले ते त्याच खुर्चीत, त्याच दिवसांत. दुपारची वेळ. सावर लाल होती आणि भोरड्यांनी नुसता उच्छाद मांडला होता. काकूंनी आतून चहाला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. त्या कलकलाटात ऐकू जात नसेल असं त्यांना वाटलं. म्हणून चहा घेऊन त्या स्वतःच बाहेर आल्या. मी बँकेतून पोचलो तेव्हा कप खुर्चीच्या हातावर तसाच होता आणि झाडावर पंगत तशीच चालू होती.

मिलिंद रात्रीच्या गाडीने आला. गोमतीकाठी सगळं झालं. घाटावरच्या पंडितजींनी निघताना त्याला तिथी सांगितली, "चैत बदी पंचमी, भैया। याद रखिएगा।" त्याने ती लक्षात ठेवली आणि घरी येऊन आईला सांगितली. "मम्मी, चैत्र कृष्ण पंचमी।" पाडवा त्या सुतकातच येऊन गेला. गुढी उभारायचीच नव्हती, त्यामुळे तो आला होता हेही कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. तेरावं झाल्यावर काकूंचे भाऊ येऊन त्यांना सांगलीला घेऊन गेले. त्या परतल्या तेव्हा पावसाळा संपला होता आणि तारेवर थिरथिरा येऊन बसला होता.

वर्ष भरत आलं तसं संस्थेने काकांचा स्मृतिदिन करायचं ठरवलं. सभागृह, हार घातलेली तसबीर, समई. पंख्याने समई विझायची आणि पंखा बंद केला की प्रमुख पाहुण्यांना घाम यायचा, त्यामुळे दीपप्रज्वलन बराच वेळ चाललं. पाहुणे म्हणाले, पाटणकरजी पक्षियों की भाषा समझते थे. शेजारी बसलेल्या काकू माझ्या कानात पुटपुटल्या, "घरातली समजली असती तर बरं झालं असतं." शेवटी पक्ष्यांना मुक्त करण्याचा कार्यक्रम. कोणीतरी बाजारातून पिंजराभर मुनिया विकत आणल्या होत्या, ग्राहकाला बऱ्या दिसाव्यात म्हणून हिरव्या रंगवलेल्या. पिंजऱ्याचं दार उघडलं. टाळ्या झाल्या. मुनिया बाहेर आल्या नाहीत. पाहुण्यांनी पिंजरा जरा हलवला, मग बराच हलवला. एक आली, आणि तसबिरीच्या चौकटीवर जाऊन बसली. राष्ट्रगीतालाही ती उठली नाही. माझी खात्री आहे की त्या संध्याकाळी सभागृहात काकांचं म्हणणं समजलेली ती एकटीच होती.

वर्षश्राद्ध घरीच केलं. शहरात मराठी गुरुजी एकच होते, एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी तिथी विचारली, मिलिंदने सांगितली, त्यांनी आपलं पंचांग उघडून दिवस काढून दिला. इंग्रजी तारखेशी तो जुळत नव्हता, पण तिथी कधी तारखेशी जुळत नाहीच. मिलिंदने एकदा म्हणून पाहिलं, "मम्मी, पापा तो मार्च में गए थे।"

"इंग्रजी तारखेने वाढदिवस करतात," काकू म्हणाल्या. "श्राद्ध नाही."

सगळं यथासांग झालं. कावळ्यानेही पान लगेच नेलं. पण जेवणं झाल्यावर काकू मागच्या दारात उभ्या राहिल्या आणि कितीतरी वेळ आत आल्या नाहीत. सावरीवर फूल नव्हतं. हिरवी बोंडं लटकत होती. भोरड्या केव्हाच निघून गेल्या होत्या, तार रिकामी होती, आणि ऊन असं की अंगणात चिमणीही नव्हती.

"हा दिवस तो वाटत नाही रे सुधाकर," त्या म्हणाल्या.

"फुलं मागेपुढे होतात काकू. एखाद्या वर्षी उन्हाळा लवकर येतो."

"फुलांचं नाही म्हणत. घरात कोणी नाहीये आज."

याचा अर्थ मला नंतर कळला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे घरात कोणीतरी होतं, पण ते महिनाभर आधी. होळी झाली, पछुआ सुटला, भोरड्या आल्या, आणि दुपारची खुर्ची वाजू लागली. कुर्र. थांबून पुन्हा कुर्र. आधी जरा मागे रेलल्यासारखा, मग पाय सोडून बसल्यासारखा आवाज. काकू चहा ठेवता ठेवता थांबत. पहिल्या वर्षी त्या कोणाला बोलल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी भोरड्या आल्या त्या दुपारी मी सुट्टी म्हणून घरी होतो. त्यांनी मला खुणेनेच बोलावलं, आणि आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून त्या रिकाम्या खुर्चीचं बसणं ऐकत राहिलो.

मी सुशिक्षित माणसासारखं बोललो. वेत, लाकूड, कोरडी हवा.

"मला कारण माहीत नाही असं समजतोस की काय?" काकू म्हणाल्या. "त्यांनीच तर सांगितलंय. पण कारण आहे म्हणून माणूस येत नाही असं कुठे आहे?"

 

त्यांना भीती वाटत नव्हती. त्यांचा जीव टांगणीला लागला होता तो दुसऱ्याच गोष्टीने. ज्या माणसाला जेवायला बोलावलं तो बोलावल्या दिवशी येत नाही, आणि न बोलावता महिनाभर आधी दारात येऊन बसतो. म्हणजे त्याला बोलावणं पोचत नाही. काहीतरी राहिलंय. दुसऱ्या वर्षीच्या श्राद्धालाही झाड तसंच मुकं, अंगण तसंच ओसाड. काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मिलिंद घाबरला. दिल्लीहून येऊन तो आईला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी एकटेपणावर दिल्या जातात त्या गोळ्या दिल्या. "भैया," गच्चीवर तो मला म्हणाला, "मम्मी को यहाँ अकेला नहीं छोड़ सकता। घर बंद करता हूँ, दिल्ली ले जाता हूँ। आप समझाइए ना।"

मी समजवायला गेलो. काकू मेथी निवडत होत्या. "येते ना," त्या म्हणाल्या. "मी कुठे नाही म्हणते? एकदा त्यांचं नीट होऊ दे, मग कुठेही ने म्हणावं. आत्ता मी निघाले आणि ते आले तर? कुलूप बघून माणूस काय समजेल?"

तिसऱ्या वर्षी होळीनंतर भोरड्या पुन्हा उतरल्या. रविवार होता. मी आणि काकू व्हरांड्यात, खुर्ची सोडून मोड्यांवर, म्हणजे तिकडच्या बुटक्या गोल बैठकांवर, बसलो होतो. त्या खुर्चीत आता कोणी बसत नसे. भिंतीपलीकडून शेजारच्या तिवारी भाभींनी हाक मारली आणि थाळी पुढे केली. गार पुऱ्या, गुलगुले, दहीभात.

"लीजिए भाभीजी, बसौड़े का प्रसाद। आज हमारे यहाँ चूल्हा नहीं जलता।"

"आज कसलं असतं हे?" काकूंनी हिंदीत विचारलं. इतकी वर्षं त्या हा प्रसाद खात आल्या होत्या आणि इतकी वर्षं तो नुसता प्रसाद होता.

"अरे, शीतला माई की अष्टमी है न, चैत की।"

"चैत? आमचा तर अजून फाल्गुन चाललाय."

"हाय राम, चैत तो होली के अगले ही दिन लग गया भाभीजी! आप लोगों का कैलेंडर सोता रहता है क्या?" असं म्हणून, स्वतःच हसून, भाभी आत गेल्या.

काकू थाळी हातात धरून उभ्या राहिल्या. मी बँकेतला माणूस. मला वाटलं मला आधी कळलं, पण त्यांच्याकडे पाहिलं तर त्या माझ्या कितीतरी पुढे गेल्या होत्या. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. ही गोष्ट तिथे राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असते आणि तिचं त्याला काही काम पडत नाही, कारण दसरा-दिवाळी दोघांची एकाच दिवशी येते. पण होळीनंतरचे पंधरा दिवस त्यांचा चैत्र असतो तेव्हा आपला फाल्गुन उरलेला असतो. आणि आपला चैत्र वद्य उजाडतो तोवर त्यांचा वैशाख लागलेला असतो. घाटावरच्या पंडितजींनी त्यांच्याकडच्या चैत्रातली पंचमी सांगितली. मिलिंदने ती जशीच्या तशी आणली. गुरुजींनी ती आपल्या चैत्रात शोधली, आणि सापडलीही. कोणीच चुकलं नव्हतं. फक्त पाटणकर काकांना दरवर्षी महिनाभर उशिरा जेवायला वाढलं जात होतं.

सावरीवर कलकलाट चालू होता. मागे खुर्ची वाजली.

"म्हणजे ते अगदी वेळेवर येत होते रे," काकू म्हणाल्या. "आणि आम्ही पान वाढत होतो ते परत गेल्यावर."

त्यांनी थाळीतली एक पुरी आणि दोन गुलगुले काढून खुर्चीच्या हातावर ठेवले. पंचमी होऊन गेली होती, शेजारचा शिळा प्रसाद होता, यात शास्त्राचं काहीच नव्हतं. संध्याकाळी त्या एसटीडी बूथवरून मिलिंदशी बोलल्या. तो तिकडे जोरात म्हणत होता ते मला काचेबाहेर ऐकू येत होतं. "तो अब तक जो किया, वो किसको पहुँचा?"

"ठाऊक नाही. ज्याला पोचलं तो जेवला असेल. पुढच्या वर्षी नीट करू. मग चल तुझ्या दिल्लीला."

पुढच्या वर्षी तसंच केलं. गुरुजींना चूक सांगितली तेव्हा त्यांनी ती अजिबात मान्य केली नाही. उलट पौर्णिमान्त आणि अमान्त यांवर असं प्रवचन दिलं की जणू शोध त्यांनीच लावला होता. तिथी मात्र बरोबर धरली. मिलिंद दोन दिवस आधीच आला. झाड लाल होतं. भोरड्या आदल्या दिवशीच पोचल्या होत्या आणि मंत्रांपेक्षा त्यांचाच आवाज मोठा होता. थिरथिरा तारेवर होता. कावळ्याने पान लगेच नेलं, पण त्याचं कौतुक कोणी केलं नाही. तो चुकीच्या तिथीलाही तेवढ्याच तत्परतेने येत असे.

जेवणं झाली. दुपार कलली. पछुआ सुटला होता, दारं वाजत होती. काकूंनी चहा केला आणि कप घेऊन त्या व्हरांड्यात आल्या. कप त्यांनी खुर्चीच्या हातावर ठेवला आणि मोड्यावर बसल्या. मी आणि मिलिंद दारात उभे.

खुर्ची वाजली नाही.

आम्ही बराच वेळ थांबलो. चहावर साय धरली. मग माझं खुर्चीकडे नीट लक्ष गेलं. हिवाळ्यात मिलिंद आला होता तेव्हा बैठकीचा वेत झिजून लोंबत होता. त्याने आईला न विचारता हौसेने खुर्ची नेऊन पुन्हा विणून आणली होती. नायलॉनच्या पट्टीने. पांढरी, मजबूत, वर्षानुवर्षं टिकणारी. नायलॉन आकसत नाही.

"देखा मम्मी," मिलिंद हळूच, फार प्रेमाने म्हणाला, "पापा शांत हो गए।"

काकूंनी हात पुढे करून नायलॉनच्या पट्टीवरून बोट फिरवलं. त्यांना कारण कळलं होतं. कारणं त्यांना नेहमीच कळत.

"हो," त्या म्हणाल्या. मग, माझ्याकडे न बघता, "चुकत होतो तोवर येत तरी होते."

भोरड्या गेल्या. मग एके दिवशी तार रिकामी दिसली, आणि दुसऱ्या दिवशीही. एप्रिलमध्ये काकू दिल्लीला गेल्या. सामान बांधताना मिलिंदला खुर्ची ट्रकमध्ये चढवायची होती. काकू म्हणाल्या, "सुधाकरला दे. दिल्लीच्या फ्लॅटला अंगण कुठलं?" रिक्षात बसताना त्यांनी घराकडे पाहिलं नाही. सावरीकडे पाहिलं. तिच्यावर तेव्हा बोंडं होती.

त्या गेल्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. मिलिंदचा दरवर्षी फोन येतो, एकदा आईच्या तिथीआधी आणि एकदा वडिलांच्या. "भैया, आपके वाले कैलेंडर में कब है?" मी दोन्ही कॅलेंडरांत बघून सांगतो. तो यथासांग करतो. मला कर्मकांडाचं फारसं काही वाटत नाही, मेलेल्यांचं येणंजाणं मी मानत नाही, आणि स्मृतिदिनांना जाणं तर मी त्या मुनियेपासून बंदच केलं आहे.

फक्त एक गोष्ट केली. बदली होऊन पुण्याला आलो तेव्हा घर लावायच्या आधी वेताचं काम करणारा शोधला, नायलॉन सोडवून घेतलं आणि खुर्चीला पुन्हा वेत भरून घेतला. तो म्हणाला, "साहेब, चांगली पट्टी आहे, अजून वीस वर्षं जाईल. कशाला काढता?" मी म्हटलं, टोचते.

आत्ता दुपार आहे. पलीकडे भोरड्यांचा कलकलाट चाललाय, हवा कोरडी आहे, आणि गॅलरीत खुर्ची वाजते आहे. आधी मागे रेलल्यासारखी, मग पाय सोडल्यासारखी. वेत आकसतो, लाकूड वेगळ्या गतीने आकसतं, मला सगळं ठाऊक आहे. चहा झाला आहे. मी तो दोन कपांत ओततो, एक खुर्चीच्या हातावर ठेवतो आणि दुसरा दारातच उभा राहून पितो. खुर्ची रिकामी नाही, असं समजून.